पीप्सच्या रोजनिशीतली मुंबई आणि फाडलेला एक कागद

टाकदौत

एम.ए.ला असताना ‘रेस्टोरेशन आणि अठरावं शतक’ असा शंभर मार्कांचा पेपर होता, म्हणजे इंग्लंडात राजेशाही परत आल्यापासूनचं साहित्य. ड्रायडन, पोप, स्विफ्ट, जॉन्सन हे चौघे मी गाइडमधून पाठ केले, पास झालो आणि निकाल हातात पडायच्या आत विसरलोही. त्या पेपरात सॅम्युअल पेपीसला एका टीपेपुरती जागा होती. लंडनचा प्लेग आणि आग यांचं वर्णन करणारा रोजनिशीकार, पाच मार्क, विषय संपला.

आता निवृत्त झाल्यावर गेले चार महिने त्याची रोजनिशी रोज दोन-तीन पानं करत वाचतोय, आणि त्या पाच मार्कांची लाज वाटतेय. हा माणूस आरमाराच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावरचा कारकून. १ जानेवारी १६६० ला त्याने लिहायला घेतलं आणि ३१ मे १६६९ ला, डोळे जाणार या भीतीने थांबवलं. तेवढ्यात राजा परत आला (दुसऱ्या चार्ल्सला आणायला गेलेल्या जहाजावर हा स्वतः होता), प्लेग आला, लंडन जळलं, डचांनी आरमाराची नाचक्की केली. आणि या सगळ्याच्या मध्ये जेवायला काय होतं, बायकोशी कशावरून वाजलं, नवा कोट केवढ्याला पडला, सगळं त्याच शाईत.

धागा काढायचं कारण वेगळं. परवा १५ मे १६६३ च्या नोंदीत अचानक मुंबई भेटली! पोर्तुगीजांनी आपल्याला मुंबई बेटावरून गंडवलं, असं साहेब लिहितात. राणी कॅथरिनच्या लग्नाच्या करारात मुंबई आंदण दिली हे आपण चौथीपासून ऐकतो. पण नवरीकडच्यांनी आंदण अडवून धरलं होतं, हे लक्षात राहत नाही. इंग्रजांचं आरमार बेट ताब्यात घ्यायला आलं तर इथला पोर्तुगीज अधिकारी काही ना काही खुसपट काढून देईना. आता राणीला याचा त्रास होणार, असंही पीप्स लिहितो. आंदणावरून सुनेला बोलणी!

खरी गंमत पुढे आहे. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला त्याला ईस्ट इंडीजची माहिती असलेला कोणीतरी भेटतो आणि कळतं की मुंबई मिळाली तरी त्यात काही अर्थ नाही, एक गरीब छोटं बेट आहे. राजाला जो नकाशा दाखवला त्यात ते आणि आजूबाजूची बेटं मिळून एकसलग जमीन दाखवली होती. राजाने विश्वास ठेवला, त्याच्याभोवतीच्या शहाण्यांनीही ठेवला. माणसं प्रत्यक्ष येऊन बघतात तर मध्ये सगळं पाणी.

मी हे वाचून उठून बसलो. नकाशा खोटा होता, पण पुढे दीड-दोनशे वर्षं भराव घालून घालून इंग्रजांनीच तो खरा केला की! राजा मात्र तेवढा थांबला नाही. १६६८ मध्ये त्याने हे गरीब बेट वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकलं.

कोणी वाचलंय का हे पुस्तक? त्या काळातलं आणखी काय वाचावं?

गिरगावचा_गणू

दहा पौंड! आमच्या चाळीची पागडीसुद्धा जास्त आहे.

बाकी टाकदौतराव, एक बारीक दुरुस्ती. वर पेपीस, खाली पीप्स असं झालंय. उच्चार पीप्सच. स्पेलिंग बघून मीही कॉलेजभर पेपीस म्हणत होतो. पेप्सी म्हणणारा एक वर्गमित्रही होता.

अवांतर: ‘गंडवलं’साठी त्याने वापरलेला शब्द ‘चाउझ’ असा आहे. तुर्की ‘चावुश’वरून तो आला असं म्हणतात, म्हणजे सुलतानाचा हुजऱ्या. लंडनच्या व्यापाऱ्यांना अशाच एका चावुशाने टोपी घातली म्हणे. आपल्या मराठवाड्यातलं चाऊस हे आडनावही त्याच हुद्द्यावरून आलंय. चाऊस मंडळींनी रागावू नये, आमचा एक जवळचा मित्रच चाऊस आहे.

तिरफळ

अंजदीव राहिलं की! मुंबई मिळेना म्हणून इंग्रजांचे सैनिक कारवारजवळच्या त्या उजाड बेटावर जाऊन बसले. चारशेच्या वर माणसं होती. त्यांचा प्रमुख अब्राहम शिपमन तिथेच १६६४ मध्ये वारला. १६६५ च्या फेब्रुवारीत हम्फ्री कुकने मुंबई ताब्यात घेतली तेव्हा त्यातली शंभर-सव्वाशेच उरली होती. बाकी ताप आणि हगवण यांनी खाल्ली. लंडनमध्ये बसून ‘गरीब बेट’ म्हणणं सोपं होतं.

सातारी_जर्दा

माहिती छान. पण याला साहित्य का म्हणायचं? सरकारी कारकुनाने खाल्लं-प्यालं ते टिपून ठेवलं. आपल्याकडे त्याच सुमाराला रामदास लिहीत होते. दोन्ही एका तागडीत कशी घालायची?

टाकदौत

जर्दासाहेब, एका तागडीत घालायचं कोण म्हणतंय? पण दोन नोंदी सांगतो, मग तुम्हीच ठरवा.

प्लेगचं वर्ष, १६६५. मृत्यूंच्या अधिकृत नोंदीनुसार लंडनमध्ये अडुसष्ट हजारांवर माणसं गेली, खरा आकडा त्याहून मोठा असणार. ३ सप्टेंबरला हा नवा केसांचा टोप डोक्यावर चढवतो. टोप वेस्टमिन्स्टरला घेतला तेव्हा तिथे प्लेग होता, म्हणून इतके दिवस घालायचा धीर झाला नव्हता. आणि मग विचार करतो, की साथ संपल्यावर टोपांच्या फॅशनचं काय होणार? केस प्लेगने मेलेल्यांच्या डोक्यावरचे असतील या भीतीने कोणी विकतच घेणार नाही. हजारो मेल्याचा आकडा मी वाचला आणि पुढे गेलो. या टोपापाशी मात्र अडलो.

दुसरी नोंद २ सप्टेंबर १६६६ ची. पुडिंग लेनमधल्या भटारखान्यातून आग निघालीय, हा नदीवरून बघतोय. लोक सामान होड्यांत टाकतायत. आणि त्याला दिसतात कबुतरं. घर सोडवत नाही म्हणून ती खिडक्या-सज्जांभोवती घिरट्या घालत राहतात आणि शेवटी पंख जळून खाली पडतात. दोन दिवसांनी हाच माणूस बागेत खड्डा खणून त्यात वाइन आणि परमेझान चीजचा गड्डा पुरून ठेवतो. कबुतरंही त्याचीच, चीजही त्याचंच. हे साहित्य नसेल तर मला दुसरा शब्द माहीत नाही.

रद्दीवाला

इथेच डॅनियल डिफोची आठवण काढायला हवी. ‘प्लेगच्या वर्षाची रोजनिशी’ या नावाचं त्याचं पुस्तक १७२२ मध्ये आलं. वाचणाऱ्याला वाटावं, प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाने लिहिलंय. पण १६६५ मध्ये डिफो जेमतेम पाच वर्षांचा होता. मेलेल्यांचे आठवड्याचे आकडे, सरकारी हुकूम, ऐकीव गोष्टी हे सगळं जमवून त्याने एका खोगीर विकणाऱ्याच्या तोंडी घातलं. खरी रोजनिशी दोनच वर्षांनी, १७२४ मध्ये, केंब्रिजच्या कॉलेजमध्ये येऊन पडली आणि ती वाचता येणारं कोणी नव्हतं. लोक खोटी रोजनिशी खरी समजून वाचत होते.

म्हणजे इंग्रजी कादंबरी जन्माला आली तीच मुळी कागदपत्रांचं सोंग घेऊन. डिफोच्याच ‘रॉबिन्सन क्रूसो’वर लेखकाचं नाव नव्हतं, ‘त्याने स्वतः लिहिलेलं’ असं छापलं होतं. गलिव्हरही प्रवासवर्णनाच्या वेशात आला. रिचर्डसनची पामेला पत्रांतून बोलली. ‘मी हे रचलंय’ असं म्हणायची त्या काळी चोरीच असावी.

पीप्सची रोजनिशी का वाचता येत नव्हती, तर ती शेल्टन नावाच्या माणसाच्या लघुलिपीत आहे. आपली तीन हजार पुस्तकं त्याने कॉलेजला दिली. एकही वाढवायचं नाही, एकही काढायचं नाही, अशी अट. पुस्तकं उंचीप्रमाणे लावलेली, बुटक्यांच्या खाली लाकडी ठोकळे, म्हणजे ओळ वरून सरळ दिसावी! (असा माणूस आमच्या दुकानात आला तर मी शटर ओढून घेईन.) १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाच्या गरीब विद्यार्थ्याला लिपी उलगडायला बसवलं. त्याने तीन वर्षं डोळे फोडून नऊ हजारांवर पानं काढली. आणि शेल्टनचं लघुलिपी शिकवणारं पुस्तक त्याच संग्रहात होतं. त्याला कोणी सांगितलंच नाही.

अवंती_क

सगळे कबुतरांवर आणि चीजवर लिहितायत. मी ९ जानेवारी १६६३ ची नोंद सांगते.

पीप्सची बायको एलिझाबेथ. लग्न झालं तेव्हा पंधराचीही नव्हती. नवरा दिवसभर कचेरीत, संध्याकाळी नाटकं आणि दारूचे गुत्ते. ही घरात एकटी. तिने आपलं एकटेपण एका कागदावर लिहून काढलं. पूर्वी एकदा असंच लिहून त्याला दिलं होतं, ते त्याने न वाचताच जाळलं. म्हणून या वेळी तिने पेटीतून कागद काढून त्याच्यापुढे मोठ्याने वाचून दाखवला. त्याला काय टोचलं, तर लिहिलेलं खरं आहे आणि ते साध्या इंग्रजीत आहे, उद्या कोणाच्या हाती लागलं तर वाचेल! फाड म्हणाला, तिने नकार दिला. मग त्याने कागद हिसकावला, तिच्या पेटीतले बाकीचे कागदही काढले आणि ती रडत असताना तिच्यासमोर एकेक फाडला. त्यात त्याने स्वतः तिला लिहिलेली प्रेमपत्रंही होती.

हे सगळं आपल्याला कसं कळतं? त्याने त्या रात्री लघुलिपीत लिहून ठेवलं म्हणून. त्याची सहा बांधीव पुस्तकं शाबूत आहेत. तिच्या कागदाचे तुकडे त्याने नंतर वेचले आणि बाकीचं जाळलं, असं तोच लिहितो. पण ते तुकडे आपल्यापर्यंत आले नाहीत. ठोकळ्यांवर उभं करून जपलेल्या त्या तीन हजार पुस्तकांत एलिझाबेथची एक ओळ नाही. २९ व्या वर्षी ती गेली.

सातारी_जर्दा

अवंतीताई, वाईट आहे खरं. पण साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाला आजची फूटपट्टी कशाला लावायची? तेव्हा सगळीकडे असंच होतं.

अवंती_क

आजची फूटपट्टी नकोच, त्याचीच घेऊ. फाडताना मनाला पटत नव्हतं, असं तो स्वतः लिहितो. घरात कामाला असलेल्या डेब विलेट या मुलीशी लगट करताना बायकोने पकडलं, ऑक्टोबर १६६८, तेव्हाही त्याला आपण काय करतोय ते पुरतं कळत होतं. असले मजकूर तो लघुलिपीत, वर स्पॅनिश-फ्रेंच-लॅटिनची खिचडी करून लिहितो. वाईट वाटत नसतं तर कुलपावर कुलूप कशाला घातलं असतं? गोदीतल्या एका सुताराला बढती हवी होती, त्याच्या बायकोचं त्याने काय केलं तेही वाचा. काही पानांनंतर मला पुस्तक दोन दिवस बाजूला ठेवावं लागलं होतं.

तरी वाचा असंच म्हणेन. एवढ्या उघडपणे स्वतःविरुद्ध साक्ष दुसऱ्या कोणी दिलेली माझ्या वाचनात नाही.

रद्दीवाला

अवंतीताई, एक साक्षीदार आपल्याकडे आहे. नाना फडणवीस. त्यांचं आत्मचरित्र अगदी छोटं आहे, पानिपतावरून जीव घेऊन परत येईपर्यंतचंच. त्यात तरुणपणच्या कामविकाराबद्दल ते जे लिहून जातात, ते वाचून मी चपापलो होतो. फरक असा की नाना देवासमोर उभे राहून बोलतात, पश्चात्तापाच्या सुरात. पीप्स कोणासमोरच उभा नाही. रविवारी चर्चमध्ये बसूनही त्याचं लक्ष पलीकडच्या बाकावर.

तिरफळ

नाटकाचं कोणी बोललंच नाही. १६४२ ला कर्मठांनी नाट्यगृहांना टाळं लावलं, ते १६६० ला उघडलं. तोवर बायकांची कामं पुरुषच करत. ऑगस्ट १६६० मध्ये पीप्सने किनॅस्टन नावाच्या पोराला स्त्रीवेशात पाहिलं आणि आयुष्यात इतकी सुंदर बाई पाहिली नाही असं लिहून टाकलं. बालगंधर्व तिथेही होते तर! पण पाच महिन्यांत, जानेवारी १६६१ मध्ये, त्याने रंगमंचावर खऱ्या बायका पाहिल्या आणि किनॅस्टनचा बाजार उठला. आपल्याकडे नेमकं याच काट्यावर किती वर्षं घोडं अडलं ते सर्वांना ठाऊक आहेच.

शेक्सपिअरच्या भक्तांसाठी: ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’ बघून आल्यावर याचं मत, इतकं बेचव आणि हास्यास्पद नाटक उभ्या जन्मात पाहिलं नाही.

लिहिणाऱ्या बाईचं नाव हवं असेल तर अ‍ॅफ्रा बेन. आधी राजाची हेर, पैसे न मिळाल्याने कर्जात बुडाली, मग नाटकं लिहून पोट भरलं.

माझगावकर

वाचनमात्र होतो, पण मुंबई आणि इंग्रजी साहित्य म्हटल्यावर आमच्या माझगावचा हक्क सोडणार नाही.

लॉरेन्स स्टर्न, ‘ट्रिस्ट्रॅम शँडी’वाला. पुस्तकात मध्येच एक आख्खं काळं पान छापणारा वल्ली पाद्री. १७६७ च्या जानेवारीत, म्हणजे मरणाच्या सव्वा वर्ष आधी, तो लंडनमध्ये एलायझा ड्रेपरच्या प्रेमात पडला. ती केरळातल्या अंजेंगोला जन्मलेली, चौदाव्या वर्षी कंपनीच्या मुंबईतल्या एका थोराड अधिकाऱ्याशी लग्न लावून दिलेली. हा पन्नाशीचा, क्षयी, लग्न झालेला. ती हिंदुस्थानातली म्हणून तो तिला ‘ब्रामिन’ म्हणे आणि स्वतःलाही. यॉर्कशरचा पाद्री ब्राह्मण झाला तो असा! एप्रिलात नवऱ्याच्या बोलावण्यावरून तिचं जहाज मुंबईला सुटलं. मागे हा रोज तिला उद्देशून रोजनिशी लिहीत बसला. ती कधी पोचलीच नाही. पुढे कितीतरी वर्षांनी बाथ शहरात एका घरातल्या रद्दीत एका शाळकरी पोराला सापडली. (रद्दीवाले, तुमचं खातं!)

१८ मार्च १७६८ ला स्टर्न गेला. एलायझा नवऱ्याबरोबर माझगावला बेल्व्हिडेर बंगल्यात राहत होती. १४ जानेवारी १७७३ च्या रात्री ती तिथून पळाली, बंदरात उभ्या असलेल्या आरमाराच्या अधिकाऱ्याच्या आसऱ्याला. खिडकीतून दोर टाकून उतरली अशी दंतकथा आहे. आमच्या लहानपणी डॉकयार्ड रोडला एक म्हातारे पारशी गृहस्थ ही गोष्ट रंगवून सांगत, दर वेळी दोराची लांबी वाढायची.

अवंती_क

आणि एलायझाने स्टर्नला लिहिलेली पत्रं?

माझगावकर

नाहीत. त्याने तिला लिहिलेली तेवढी १७७३ मध्ये छापून आली. तिच्या नावावर पुढे जी खपवली गेली ती बनावट, दुसऱ्याच एका पुरुषाने रचलेली. मुंबईहून नातेवाइकांना लिहिलेली तिची पत्रं मात्र आहेत, आणि ती झकास आहेत.

अवंती_क

वाटलंच होतं.

हर्णैकर

माझगावकर, तुम्ही हक्क सांगितलात, आता आम्ही सांगतो. स्टर्न आणि एलायझा भेटले कोणाच्या घरी? सोहोमध्ये, कमोडोर विल्यम जेम्स आणि त्याच्या बायकोच्या घरी. हा जेम्स म्हणजे २ एप्रिल १७५५ ला तुळाजी आंग्र्यांकडून आमचा सुवर्णदुर्ग घेणारा! पेशव्यांचं आरमार त्याच्या बाजूने होतं, हे दुखणं वेगळं. त्यावर इथे बोलायला लागलो तर धागा हायजॅक होईल. पण विचार करा, ज्या दिवाणखान्यात तो पाद्री ‘ब्रामिन, ब्रामिन’ करत बसे, तो यजमान हर्णैच्या किनाऱ्यावर तोफा डागून मोठा झालेला.

लंडनस्थ

हर्णैकर, बसला असाल तर सावरून बसा. आग्नेय लंडनमध्ये शूटर्स हिलवर, झाडीत, एक तीन कोनी बुरूज आहे. जेम्स वारल्यावर त्याच्या बायकोने १७८४ मध्ये बांधला. नाव ‘सेव्हर्नड्रूग कॅसल’, म्हणजे सुवर्णदुर्ग. तुमच्या किल्ल्याचं नाव अडीचशे वर्षं तिथल्या लोकांच्या तोंडात असं वळतंय. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा बायकोला म्हटलं, हे सेव्हर्न नदीवरून असणार. पाटी वाचली आणि गप्प बसलो. पाटीवर किल्ला मलबारच्या किनाऱ्यावर आहे असं कोरलंय.

हर्णैकर

हर्णै मलबारात! दगडावर कोरलंय म्हणजे आता खोडायचं तरी कसं.

गिरगावचा_गणू

खोटा नकाशा, भाग दुसरा.

सातारी_जर्दा

मान्य, हरलो. टाकदौतराव, पीप्स वाचायला घेतो. जॉन्सनचं मात्र कोणीच काही बोललं नाही. विष्णुशास्त्र्यांनी निबंधमालेत त्याच्यावर लिहिलं, ‘रासेलस’ वडिलांनी सुरू केलेलं मराठीत पुरं केलं. आमच्या आजोबांच्या कपाटात होतं ते. जॉन्सनने मूळ पुस्तक आईच्या अंत्यविधीचा खर्च भागवायला आठवडाभराच्या संध्याकाळी बसून लिहिलं होतं, हे मला फार नंतर कळलं. वेगळा धागा काढतो.

टाकदौत

काढाच. मी ९ जानेवारीचं पान पुन्हा उघडून वाचलं. चार महिन्यांत मी त्यावरून एकदा गेलो होतो, समासात पेन्सिलीने खूणही केली होती. खूण कशाला, तर पुढे कुठेतरी जेवणाचा उल्लेख आहे त्याला.

लंडनस्थ

माझगावकर, एलायझा पुढे इंग्लंडला परतली ना? ब्रिस्टलच्या कॅथीड्रलमध्ये तिचं स्मारक आहे, १७७८ ला वारली. दोन दगडी बायका आहेत, एक प्रतिभेची आणि एक परोपकाराची. पुढच्या महिन्यात कामानिमित्त तिकडे जातोय, फोटो टाकतो.

अवंती_क

नक्की टाका. आणि दगडावर नवऱ्याचं नाव आहे का, स्टर्नचं आहे का, की तिचं एकटीचंच, तेवढं बघून सांगा.